सूर्याची सरकी

आमच्या घरी 'सुर्याची सरकी झालती' असे एक वाक्य होते. एखादी गोष्ट जन्मात एकदाच घडते आणि ती सांगितली तरी कोणाचा विश्वास बसत नाही, अशा प्रसंगी आई ते बोलून जाई. वाक्य तिच्या आजोबांचे, म्हणजे माझ्या पणजोबांचे. दहा-अकरा वर्षांचे असताना ते वर्धा नदीच्या अलीकडे, तळणीच्या शिवारात गुरे चारत होते. भर दुपारी अंधार पडला, चांदण्या निघाल्या, गुरे आपोआप गावाकडे वळली आणि वर पाहिले तर सूर्याच्या जागी सरकी होती, एवढीच ती हकिगत. धामणगाव रेल्वेजवळच्या आमच्या गावात ती ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. पुढे विज्ञानाचा पदवीधर होऊन माध्यमिक शाळेत शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा ती मला लहान मुलाच्या मनाने फुगवलेली वाटू लागली. त्याला कारणही होते. १६ फेब्रुवारी १९८० चे सूर्यग्रहण मी गावातच पाहिले होते. त्या दिवशी खग्रासाचा पट्टा कारवार, हुबळी, रायचूर या बाजूने ओडिशाकडे गेला आणि आमच्याकडे ते खंडग्रास दिसले. सूर्याचा मोठा भाग झाकला गेला, ऊन फिके पडले, रस्ते ओस पडले. पण चांदण्या निघाल्या नाहीत आणि गुरेही वळली नाहीत. सरकीसारखे तर काहीच दिसले नाही.

१९९५ च्या जुलैमध्ये प्रशिक्षणासाठी अमरावतीला गेलो असताना भौतिकशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांची ओळख झाली. माझे गाव कोणत्या बाजूला, हे कळताच त्यांनी विचारले, "म्हणजे तळणी तुमच्या शेजारचीच की. तळणीला काय झाले होते, ठाऊक आहे का तुम्हाला?" मला ठाऊक नव्हते. त्यांनी सांगितले की २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून देशावर चढली आणि सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून, पुढे आमच्या वऱ्हाडातून ईशान्येकडे गेली. जेऊरला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगमवाला दुर्बिणी लावून बसले होते. पुलगावला इंग्रज शास्त्रज्ञांची एक तुकडी होती. धामणगाव आणि पुलगाव यांच्या मधले, आजही जिथे फारशा गाड्या थांबत नाहीत, ते तळणीचे स्टेशन ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींनी निवडले होते. त्यांत वॉल्टर माँडर, त्यांच्या पत्नी ॲनी माँडर आणि जॉन एव्हरशेड होते. हेच एव्हरशेड पुढे कोडाईकॅनालच्या वेधशाळेत आले आणि सौरडागांमधल्या वायूंच्या वाहण्याचा त्यांनी लावलेला शोध आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. ॲनी माँडर यांनी तळणीला घेतलेल्या छायाचित्रात सूर्याच्या प्रभेतली, म्हणजे खग्रासाच्या वेळी बिंबाभोवती दिसणाऱ्या पांढऱ्या तेजोवलयातली, अशी एक शलाका उतरली, की तोवर तेवढी लांब शलाका कोणाच्याही छायाचित्रात आली नव्हती.

मी त्यांना वेळ विचारली. "दुपारची," ते म्हणाले. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. पणजोबा १९६५ च्या सुमारास गेले, तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी वर्षांचे असतील, असे आई सांगत असे. हिशेब जुळत होता. ज्या आभाळाकडे रोखलेला कॅमेरा जगाच्या ज्ञानात भर घालत होता, त्याच आभाळाखाली, कदाचित हाकेच्या अंतरावर, माझे पणजोबा हातात काठी घेऊन उभे होते. त्यांच्या साक्षीची नोंद कोणी केली नाही, आणि मी तर ती खोटी ठरवून बसलो होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हाच ठरवले की खग्रास पाहायचे. योग असा, की येत्या २४ ऑक्टोबरला तसे ग्रहण भारतातूनच दिसणार होते. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आहे आणि सुमारे ४०० पट दूरही आहे, म्हणून दोन्ही बिंबे आपल्याला जवळजवळ सारखी दिसतात. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे प्रत्येक अमावास्येला ग्रहण होत नाही. झाले तरी चंद्राच्या गडद सावलीचे टोक पृथ्वीवरून एका अरुंद पट्ट्यातूनच फिरते. एकाच गावी खग्रास पुन्हा यायला सरासरी पावणेचारशे वर्षे लागतात. आमच्या भागात सावली येऊन जेमतेम शतक होत होते, तेव्हा ती पुन्हा दारी येईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नव्हता. तिच्या वाटेत जाऊन उभे राहणेच भाग होते.

या वेळची वाट राजस्थानातून आग्र्याच्या बाजूने, पुढे अलाहाबादजवळून बिहार आणि बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत जात होती. पूर्वेकडे जावे तसा खग्रासाचा काळ वाढत होता, तरी मी पश्चिमेचे टोक निवडले. राजस्थानातल्या सीकर जिल्ह्यातील नीम का थाना या गावाजवळ तो काळ अवघा पन्नास सेकंदांच्या आसपास असणार होता, पण अरवलीच्या त्या उघड्या-बोडक्या डोंगरांत ऑक्टोबरची हवा कोरडी असते आणि सकाळचे धुके अडथळा करत नाही. देशातल्या शास्त्रज्ञांच्या तुकड्याही याच कारणाने तिथे गेल्या होत्या. ग्रहण पाहायला निघालेल्याने सेकंदांच्या लोभात पडू नये, आधी आभाळ पाहावे, हे माझे मत तेव्हापासून आहे. २२ जुलै २००९ चे खग्रास तर या शतकातले सर्वांत दीर्घ होते, भोपाळच्या बाजूला तीन मिनिटांहून अधिक. सातपुडा ओलांडून शाळेच्या आठ मुलांना घेऊन मी नर्मदेच्या काठी होशंगाबादला गेलो. आषाढाच्या ढगांनी सूर्य एकदाही दिसू दिला नाही. पहाटे उजाडले आणि साडेसहाच्या आत पुन्हा रात्र होऊन पुन्हा उजाडले, एवढेच त्या मुलांच्या वाट्याला आले. परतीच्या गाडीत कोणी बोलत नव्हते.

पुन्हा १९९५ कडे येतो. ग्रहण आश्विन अमावास्येचे होते, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे. "दिवाळीत घर सोडून गिऱ्हाण पाहाले जातं का कोनी?" हा आईचा पहिला प्रश्न होता. त्यातून वावरात कापूस फुटला होता. पहिल्या वेचणीच्या आधी आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीच्या झाडांजवळ दहीभाताचा नैवेद्य दाखवून, पूजा करून मगच वेचायला सुरुवात होते. ते मी असतानाच व्हावे म्हणून आईने दोन दिवस अलीकडे घेतले आणि पूजेचा मूठभर कापूस देव्हाऱ्यात ठेवला. माझ्या पत्नीची आडकाठी नव्हती, पण डोळ्यांची काळजी तिलाही होती. धामणगावच्या एका गॅरेजातून मी वेल्डिंगची १४ नंबरची काच आणली होती. ती डोळ्यांपुढे धरून तिने अंगणातून सूर्य पाहिला, हिरवा, मंद आणि बोराएवढा. मग ती निश्चिंत झाली.

सोबतीला आमच्या शाळेतले गणिताचे सर होते. सामान थोडेच घेतले: काच, सूर्याची प्रतिमा आत पाडण्यासाठी एक पुठ्ठ्याची पेटी, शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक आणि वडिलांचे एक पांढरेशुभ्र धोतर. कॅमेरा मुद्दाम घेतला नाही. पन्नास सेकंदांतले तीस सेकंद बटणे दाबण्यात घालवायचे नाहीत, असे आम्ही ठरवले होते आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. आईने दशम्या, जवसाची चटणी आणि अनारसे बांधून दिले, आणि प्रत्येक डब्यात न विसरता तुळशीचे पान ठेवले.

वर्ध्याहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत दिवाळीची गर्दी होती. आरक्षण मिळाले नाही, त्यामुळे भोपाळपर्यंत आम्ही दाराजवळ पिशव्यांवर बसून गेलो. आग्र्याला उतरून बसने जयपूर, तिथे एक रात्र, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी नीम का थाना. काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला तो मुलूख ओळखीचा वाटत नाही. वाळूमिश्रित पिवळट जमीन, खेजडीची एकेकटी उभी झाडे, थोरांची कुंपणे आणि त्यांतून अचानक वर आलेले खडकाळ डोंगर. गावात मात्र परगावच्या लोकांची जत्राच भरली होती, दुर्बिणींच्या पेट्या उतरत होत्या. आम्हाला ती गर्दी नको होती. धर्मशाळेच्या माणसाने पाच-सहा मैलांवरची एक उजाड टेकडी सुचवली, जिथून पूर्व आणि पश्चिम दोन्ही क्षितिजे उघडी दिसतात. पहाटे नेण्यासाठी एका जीपवाल्याशी बोलणे झाले, त्याने निम्मे पैसे आगाऊ घेतले आणि रात्री घरोघर पणत्या लागलेल्या असताना निरोप पाठवला, की घरचे सूतक पाळतात, ग्रहणाच्या दिवशी गाडी काढता येणार नाही. पैसे परत मिळाले नाहीत. पहाटे तीनला उठून आम्ही चालत निघालो.

त्या चालण्याचा मात्र मला आजही आनंद आहे. अमावास्येची रात्र, त्यात गावाचा दिवा मागे पडलेला. वाट दाखवायला फक्त तारे होते. मृग डोक्यावरून पश्चिमेकडे झुकत होता. आपण ज्याला शोधतो आहोत तो चंद्र या क्षणी सूर्याच्या अगदी लगत असून कोणालाच दिसत नाही, हे सरांनी चालता चालता सांगितले, तेव्हा इतकी वर्षे वर्गात शिकवलेली गोष्ट मला पहिल्यांदाच खरी वाटली. उजाडता उजाडता आम्ही माथ्यावर पोहोचलो. थंडी होती. वर एक म्हातारी आपल्या पंधरा-वीस शेळ्या घेऊन आधीच आली होती. आम्ही कशासाठी आलो हे कळल्यावर तिने ओढणी तोंडावर ओढून घेतली आणि पाठ फिरवून बसली.

साडेसातच्या सुमारास सूर्याच्या वरच्या कडेला पहिली खाच दिसली. पुढचा तासभर काचेतून पाहणे, पेटीतली चकती पाहणे आणि पारा वाचणे, एवढेच काम होते. जवळच एक खुरटा कडुलिंब होता, त्याच्या पानांच्या फटींतून पडलेला प्रत्येक कवडसा चंद्रकोर झाला होता आणि वारा आला की त्या शेकडो कोरी खडकावर एकदम हलत होत्या. निम्म्याहून जास्त सूर्य झाकला गेला तरी उजेडात म्हणण्यासारखा फरक नव्हता. १९८० मध्ये मी फसलो तो इथेच. सूर्याची बारीकशी कोर जरी उघडी राहिली तरी दिवस दिवसच राहतो. प्रभा तर बिंबाच्या दहा लाखांशाइतकीच तेजस्वी असते. कोर पूर्ण मिटल्याशिवाय ती दिसूच शकत नाही. शंभरातले नव्याण्णव भाग झाकले गेले म्हणजे नव्याण्णव टक्के ग्रहण पाहिले, असा हिशेब इथे चालत नाही.

सव्वाआठनंतर उजेड बदलू लागला. तो संध्याकाळसारखा तांबूस होत नव्हता, राखाडी होत होता. सावल्यांच्या कडा इतक्या रेखीव झाल्या, की माझ्या हातावरच्या केसांची सावली खडकावर वेगवेगळी मोजता येत होती. पारा साडेतीन अंश उतरला होता. आम्ही धोतर पसरले, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. शेवटच्या मिनिटात त्या पांढऱ्या कापडावरून फिकट करड्या लाटा सरकू लागल्या, विहिरीच्या पाण्यावरचे ऊन आतल्या भिंतीवर हलते तशा. उरलेल्या बारीक कोरीचा प्रकाश हवेच्या थरांतून येताना थरथरतो, त्याच्या या लाटा. शाळेत शिकवताना मी त्यांचा उल्लेख कधी केला नव्हता, कारण मला त्या पुस्तकातल्याच वाटत.

"सर, पश्चिमेकडे पाहा," गणिताचे सर ओरडले. दूरच्या डोंगरांच्या रांगेवर मृगाच्या पावसासारखे निळसर काळे काहीतरी उभे राहिले होते आणि डोंगरामागून डोंगर गिळत आमच्याकडे येत होते. ती चंद्राची सावली होती. बंदुकीच्या गोळीपेक्षाही तिचा वेग जास्त असतो. ती येते आहे असे म्हणेपर्यंत ती आमच्या अंगावरून गेली होती. मी वर पाहिले. कोरीचा शेवटचा तुकडा एका बिंदूत गोळा होऊन लखलखला आणि विझला. काच खाली केली, कारण फक्त याच सेकंदांत उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

सूर्याच्या जागी सरकी होती.

याहून नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. काळीभोर, टणक, डोळ्यांत रुतणारी बी, आणि तिच्याभोवती रुईच्या तंतूंसारखी पांढरी प्रभा, काठाशी दाट आणि बाहेर विरत गेलेली. ती सगळीकडे सारखी नव्हती. बोंडातला कापूस दोन्ही हातांनी ओढल्यावर जसे तंतू दोन बाजूंना लांब निघतात, तशी ती दोन बाजूंना दूरवर ओढली गेली होती. सौरडाग कमी असण्याच्या काळात प्रभा अशी विषुववृत्ताच्या दिशेने लांबते आणि १९९५ हे तसेच वर्ष होते, हे मला वाचून माहीत होते. त्या क्षणी मात्र त्यातले काही आठवले नाही. आठवला तो वर्धेच्या काठी काठी घेऊन उभा असलेला दहा वर्षांचा मुलगा. आयुष्यभर ज्याने कापसाखेरीज दुसरे पीक पाहिले नाही, त्याने समोर दिसले ते आपल्याजवळ होता त्या शब्दात जसेच्या तसे सांगितले होते. त्यात रतिभरही भर घातली नव्हती.

खाली क्षितिजाच्या बाजूला शुक्र स्पष्ट चमकत होता. चारी दिशांना क्षितिजालगत नारिंगी उजेडाचे कडे होते, एकाच वेळी सगळीकडे सूर्योदय झाल्यासारखे. शेळ्या ओरडल्या नाहीत. त्या गुपचूप एकामागे एक टेकडी उतरू लागल्या. त्यांना वळवायला म्हातारीला उठावे लागले, ओढणी बाजूला करावी लागली, आणि उठता उठता तिने वर पाहिले. ती तशीच उभी राहिली. मी रडत होतो, हे मला सरांनी नंतर सांगितले. मग उजव्या कडेला एक ठिणगी फुटली, अंगठीतल्या हिऱ्यासारखी, आणि पन्नास सेकंद संपले. काच परत डोळ्यांवर घेतली तरी मला काही पाहावेसे वाटत नव्हते. म्हातारी आमच्याजवळ आली, काही बोलली नाही, फक्त सरांच्या हातातला अनारसा घेऊन खाल्ला. ग्रहण अजून सुटायचे होते.

परतीचा प्रवास आठवत नाही. भाऊबीज होऊन गेल्यावर घरी पोहोचलो. माझ्या आधी आईने डबे उघडले, तुळशीची वाळलेली पाने वेगळी काढून ठेवली, ग्रहणाच्या दिवशी रांजणातले पाणी ओतून नवीन भरल्याचे सांगितले, मला डोळे मिटून उघडायला लावले. मग चुलीजवळ बसून, दुसरीकडे पाहत तिने विचारले, "सरकी दिसली काय रे?"

"दिसली," मी म्हणालो. "आजोबा खरं सांगत होते."

"म्या कवा खोटं म्हटलं?" ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने आजवर कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी गुरे भर दुपारी गोठ्यात आली, संध्याकाळ झाली असे समजून घरच्यांनी वासरू सोडले, गाय पान्हावली, आणि दूध काढून होते न होते तोच पुन्हा ऊन पडले. मग ती उठली, देव्हाऱ्यातला सीतादहीचा कापूस घेऊन आली, त्यातली एक सरकी बोटांत धरून तिच्याभोवतीचे तंतू हलकेच मोकळे केले आणि माझ्यापुढे धरत म्हणाली, "असं?"

मी ती सरकी हातात घेतली आणि दोन बाजूंचे तंतू आणखी थोडे लांब ओढले.